कोयनेचा हादरा आणि कोकणातली दरड: दोन्हींच्या मुळाशी पाण्याचा दाब

चिपळूण, पोफळी, अलोरे, संगमेश्वर या पट्ट्यात रात्री भांडी वाजली की सकाळी टपरीवर एक वाक्य हमखास कानावर पडतं, "धरणाच्या वजनाने खालची जमीन दबते, दुसरं काय!" आणि जुलैत कुठे डोंगर खाली आला की तीच मंडळी म्हणतात, "कोयनेच्या हादऱ्यांनी डोंगर आधीच खिळखिळे झालेत, पाऊस फक्त निमित्त." दोन्ही बोलण्यांत थोडं तथ्य आहे आणि बरीच गल्लत. हादरा आणि दरड यांचं नातं आहे, पण ते भलत्याच ठिकाणी आहे. भौतिकशास्त्राचा एकच नियम दोन्हीकडे लागू पडतो. कोयनेत तो जमिनीखाली काही किलोमीटरवर काम करतो आणि आपल्या परड्यामागच्या डोंगरात तीन-चार मीटरवर.

आधी वजनाचा हिशेब उरकून टाकू. कोयना धरणाचा जलाशय, शिवसागर, काठोकाठ भरला की त्यात १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी मावतं. म्हणजे जवळजवळ तीनशे कोटी टन. आकडा ऐकून छाती दडपते खरी, पण हे वजन केवढ्या तरी मोठ्या क्षेत्रावर पसरलेलं आहे. शंभर मीटर खोल पाणी धरलं तरी दर चौरस मीटरवर १०० टन भार येतो. पाच किलोमीटर खोलीवरच्या खडकावर त्याच्या डोक्यावरच्या खडकाचाच भार दर चौरस मीटरला साडेतेरा हजार टनांच्या घरात असतो. त्यात शंभराची भर म्हणजे शेकडा एकसुद्धा नाही. शिवाय वरून येणारं वजन खालच्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर दाबूनही धरतं. म्हणजे नुसतं वजन पडल्याने भेग सरकलीच पाहिजे असं काही नाही.

पाणी मुरलं की मात्र प्रकरण बदलतं. स्टीलचा पेला गरम पाण्याने विसळून ओल्या ओट्यावर पालथा घातला की थोड्या वेळात तो आपला आपण सरकायला लागतो. हे प्रत्येक घरात कुणी ना कुणी पाहिलेलं असतं. पेल्याचं वजन तेवढंच, ओट्याचा उतार नावापुरता. आत कोंडलेली हवा तापून फुगते, कडेच्या पाण्यामुळे तिला बाहेर पडता येत नाही आणि पेल्याचं थोडं वजन ती स्वतःवर पेलते. ओट्यावर टेकणारं वजन तेवढं घटतं. घर्षण टेकणाऱ्या वजनावर अवलंबून असतं, त्यामुळे तेही घटतं. पेला सुटतो.

खडकाच्या भेगेत किंवा मातीच्या कणांमध्ये हवेच्या जागी पाणी असतं, एवढाच फरक. भेगेतलं पाणी सगळ्या बाजूंनी दाबतं, म्हणजे भेगेच्या दोन्ही भिंती एकमेकींपासून दूर ढकलतं. भिंतींची पकड ढिली होते. कार्ल टेर्झागी या अभियंत्याने १९२०च्या दशकात मातीसाठी हा नियम मांडला आणि आज धरणाचा पाया असो की रस्त्याचा उतार, गणित तिथूनच सुरू होतं.

खोल खडकालाही तो नियम लागू होतो, याचा पुरावा अमेरिकेत अगदी अनवधानाने मिळाला. डेन्व्हर शहराजवळ लष्कराच्या रासायनिक कारखान्याचं सांडपाणी १९६२ पासून साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत पंपाने ढकललं जाऊ लागलं आणि परिसरात धक्के बसू लागले. डेव्हिड इव्हान्स या भूवैज्ञानिकाने किती पाणी ढकललं आणि किती धक्के बसले, हे महिन्यांप्रमाणे एकाखाली एक मांडून दाखवलं. दोन्ही आलेख बरोबरीने चढत-उतरत होते. १९६६ मध्ये पंप बंद झाला, तरी पुढच्या वर्षीही मोठे धक्के बसले. दाब खडकातून सावकाश पसरतो, वरचा नळ बंद केला म्हणून खाली लगेच काही थांबत नाही.

आता कोयना. १९६२ च्या सुमारास जलाशय भरू लागला आणि लहान धक्के जाणवायला लागले. १३ सप्टेंबर १९६७ रोजी पाचाच्या वरचा धक्का बसला आणि ११ डिसेंबरच्या पहाटे, लोक झोपेत असताना, ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर होत्याचं नव्हतं झालं, धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. जलाशयाने चाळवलेल्या भूकंपांमध्ये जगात आजवरचा सर्वांत मोठा म्हणून हाच मानला जातो. हरी नारायण आणि हर्ष गुप्ता या भूभौतिकशास्त्रज्ञांनी १९६८ मध्येच त्याचा जलाशयाशी संबंध जोडून दाखवला आणि हर्ष गुप्तांनी पुढची कित्येक दशकं या एका प्रदेशाचा पिच्छा सोडला नाही.

त्या अभ्यासातून दिसलं ते असं. पावसाळ्यात तलाव भरतो आणि त्यानंतर धक्के वाढतात. सप्टेंबरात एक चढ येतो, डिसेंबरच्या सुमारास दुसरा. पाणी किती वेगाने चढलं, वरची पातळी किती दिवस टिकली आणि आधीच्या वर्षांची कमाल पातळी ओलांडली का, यावर बरंच ठरतं. वारणा धरण भरल्यानंतर हालचाल दक्षिणेला वारणेकडेही सरकली. पण सहा दशकं होऊन गेली तरी हा सगळा खेळ साधारण २० किलोमीटर रुंद आणि ३० किलोमीटर लांब अशा एका तुकड्यातच चालू आहे. जगभरातल्या शास्त्रज्ञांना कोयनेचं आकर्षण आहे ते यामुळे. बाकी ठिकाणी धरण भरल्यावर काही वर्षं धक्के बसतात आणि थांबतात, इथे ते थांबायचं नाव घेत नाहीत. एवढ्यासाठी कराडला वेगळी प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठणे इथे तीन किलोमीटर खोल चाचणी-विवर खणलं गेलं. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर खोलीपर्यंत काळा कातळ लागला आणि त्याच्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा अतिप्राचीन खडक.

इथे एक रास्त शंका येते. पाण्याचा दाबही शेवटी शंभर मीटर पाण्याचाच. मग एवढ्याशा दाबाने पाच किलोमीटरवरचा खडक हलतोच कसा? तो हलतो, कारण भेग आधीच सुटायच्या बेताला आलेली असते. भूकंपात जी ऊर्जा बाहेर पडते ती धरणाची नसतेच. भारताचा भूखंड वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे रेटला जातोय, तिकडे हिमालयाशी अडतोय, आणि हा ताण सगळ्या द्वीपकल्पात भरून राहिलाय. जिथे जुन्या भेगा आहेत तिथे तो साचतो. पाणी फक्त पकड ढिली करतं. धरण नसतं तर तो भूकंप कधीच झाला नसता की शे-दोनशे वर्षांनी झाला असता, यावर पैज लावायला मी तयार नाही.

आणि जुन्या भेगांना आपल्याकडे तोटा नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरले, त्यातून दख्खनचं पठार झालं. त्यानंतर काही दशलक्ष वर्षांतच, भूशास्त्राच्या हिशेबात म्हणजे लगेचच, आजची सेशेल्स बेटं ज्या तुकड्यावर आहेत तो आपल्यापासून फाटून निघाला. कोकण किनारा ही त्या फाटण्याची कड आहे. जमीन ताणली गेली, साधारण उत्तर-दक्षिण भेगा पडल्या, काहींमध्ये लाव्हा शिरून थिजला. मुंबई-पनवेलच्या बाजूला तर मुळात सपाट असलेले थर चक्क समुद्राकडे कललेले दिसतात. या भेगांचा माग घ्यायला यंत्र लागत नाही. नकाशावर गरम पाण्याची कुंडं जोडत जा. वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडचं सव, दापोलीचं उन्हवरे, मग आरवली, तुरळ, राजवाडी. सह्याद्रीला समांतर एक पट्टाच तयार होतो. पावसाचं पाणी या भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या वाटेने वर येतं. पाणी खोल जाऊ शकतं याचा याहून घरचा पुरावा काय हवा?

सह्याद्रीविषयी एक गोष्ट शाळेत नीट सांगितली जात नाही. तो हिमालयासारखा वळ्या पडून उभा राहिलेला डोंगर नाही. तो पठाराचा तुटका काठ आहे. देशावरून घाटमाथ्याला आलात तर चढ असा जाणवत नाही, आणि मग एकदम पायाखाली हजार-हजार फुटांची दरी. हा काठ मुळात बराच पश्चिमेला होता. वाशिष्ठी, सावित्री, शास्त्री यांसारख्या आखूड आणि तीव्र उताराच्या नद्या तो कापत मागे नेतायत. कापणं म्हणजे रोज थोडी माती वाहून नेणं, आणि मधूनच एका रात्रीत अख्खा उतार खाली आणणं. दरड ही या डोंगराची सवय आहे. आपण तिच्या वाटेत घरं बांधलीत, हा भाग वेगळा.

आता तोच नियम परड्यामागच्या डोंगराला लावून बघू. कातळावर तीन मीटर जाडीची मुरूम-माती आहे असं धरा. एका चौरस मीटरवर तिचं वजन सुमारे सहा टन. उन्हाळ्यात ते सगळं वजन खालच्या कातळावर टेकलेलं असतं आणि त्याच्या घर्षणावर उतार उभा राहतो. भर पावसात ही माती तळापासून वरपर्यंत पाण्याने भरली की तळाशी तीन मीटर पाण्याचा दाब तयार होतो, म्हणजे चौरस मीटरला सुमारे तीन टन, आणि तो वर ढकलत असतो. टेकणारं वजन निम्म्यावर येतं. उताराच्या कोनामुळे आकड्यांत थोडा फरक पडतो, पण निष्कर्ष तोच राहतो. कोरडी असताना ३५ अंशांच्या उतारावर जेमतेम तग धरणारी माती पूर्ण भिजल्यावर नुसत्या घर्षणावर १९-२० अंशांच्या वर उभी राहू शकत नाही. आपल्याकडे वाड्यांच्या डोक्यावर २५-३० अंशांचे उतार सर्रास आहेत. ते दरवर्षी पडत नाहीत, कारण मातीचा चिकटपणा आणि झाडांची मुळं काही भार उचलतात आणि माती सहसा वरपर्यंत भरत नाही. ज्या रात्री भरते, त्या रात्री बातमी होते.

मोठ्या दुर्घटनांच्या तारखा एकाखाली एक लिहून बघा. महाड तालुक्यातली जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते: जुलै २००५ चा शेवटचा आठवडा. घाटापलीकडचं माळीण: ३० जुलै २०१४. तळिये आणि खेडमधलं पोसरे: २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी: १९ जुलै २०२३. सगळ्या जुलैच्या उत्तरार्धातल्या. जूनमध्येही धो-धो कोसळतोच, पण तेव्हा जमीन तहानलेली असते, पोकळ्या रिकाम्या असतात. महिना-दीड महिना मुरत मुरत पाणी वर चढतं, आणि त्यावर एखादा राक्षसी दिवस येतो. तळियेच्या वेळी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर नोंदला गेला. म्हणून आज किती पडला याइतकंच गेल्या पंधरा-वीस दिवसांत किती मुरला, हेही धरावं लागतं. नुसत्या लाल-नारंगी इशाऱ्यावरून हे कळत नाही.

पाणी नेमकं कुठे अडतं, हे मात्र खडकावर ठरतं, आणि कोकणात त्याचे दोन तऱ्हांचे डोंगर आहेत. घाटाच्या पायथ्याला काळा कातळ. रस्त्यासाठी कापलेल्या एखाद्या कड्यासमोर पाच मिनिटं उभे राहिलात तर सगळं दिसतं. सगळ्यात वर तांबूस माती आणि तिच्यात पापुद्रे सुटलेले गोल धोंडे. त्याखाली उभ्या भेगांचा टणक कातळ. मग भोकाभोकांचा ठिसूळ थर, त्या भोकांत पांढरे स्फटिक. आणि या दोन थरांच्या सांध्यात विटकरी लाल रंगाची एक पट्टी, कुठे वीतभर, कुठे हातभर जाड. दोन लाव्हांच्या मधल्या काळात तयार झालेली ही मातकट पट्टी आहे. वरचं पाणी उभ्या भेगांतून सरसर उतरतं आणि या पट्टीवर येऊन थांबतं, कारण ती पाणी पुढे जाऊ देत नाही. दिवाळीनंतरही तिच्या वरच्या कडेला ओल दिसते, शेवाळ दिसतं. कापताना ही पट्टी उघडी पडली असेल तर वरचा कातळ कितीही भक्कम दिसो, त्याचा भरवसा धरू नये.

रत्नागिरी, राजापूर, देवगडकडे चित्र वेगळं. तिथे सडे आहेत. वर जांभ्याचं टणक टोपण, चिरे निघतात तेच, आणि त्याखाली पांढुरकी-पिवळसर चिकण माती. जांभा पाणी पिऊन घेतो, चिकण माती अडवते, आणि सड्याच्या कडेला ते झऱ्यांनी बाहेर येतं. माणसाने वस्ती केली ती झऱ्याशी, अर्थात त्याच कमजोर सांध्याशी. पोमेंडी आणि निवसर इथे अशाच मातीने कोकण रेल्वेला वर्षानुवर्षं जेरीस आणलंय.

दरडी थांबवायला झाडं लावा, असं सगळेच सांगतात. लावावीत. पण मुळांची पकड मुख्यतः वरच्या दीड-दोन मीटरांत असते. सरकणारा थर पाच मीटर खाली असेल तर वरचं रान झाडांसकट खाली येतं, इर्शाळगडाच्या पोटातली झाडी काही कमी नव्हती. झाडांचा खरा उपयोग लहान, उथळ घसरणी रोखायला होतो, आणि कोकणात त्याच संख्येने जास्त आहेत.

उताराचा पायथा कापणं हे मात्र निखालस वाईट. वरच्या मातीला जो टेका असतो तोच काढला जातो. पूर्वी पहारीने महिनाभर खणावं लागायचं, आता जेसीबी दोन दिवसांत घराला पंधरा फुटांची मागची भिंत उभी कापून देतो. परशुराम घाटात चौपदरीकरण सुरू झाल्यापासून पावसाळ्यातला प्रवास काय झाला, हे मुंबईकर चाकरमान्यांना सांगायला नको. कापलं की लोक सिमेंटची भिंत बांधतात आणि निश्चिंत होतात. भिंतीत पाणी बाहेर यायला नळ्या ठेवल्या नसतील आणि मागे खडीची भर नसेल, तर ती भिंत पाणी कोंडून ठेवते आणि वर सांगितलेलं गणित आणखी बिघडवते. पावसात तुमच्या भिंतीच्या नळ्या वाहत असतील तर ते चांगलं लक्षण. कोरड्या ठणठणीत असतील तर त्या तुंबल्यात का, हे बघा. कोकणी गडगा एका अर्थी शहाणा होता. सुका रचलेला, पाणी दगडांच्या फटींतून निघून जायचं.

डोंगरमाथ्याच्या बाजूला, घरापासून वर, पाणी वळवणारा चर खणणं हा भिंतीपेक्षा कितीतरी स्वस्त आणि बहुतेक वेळा जास्त कामाचा उपाय आहे. पण चराचं उद्घाटन करता येत नाही, त्यामुळे निधी भिंतीला मिळतो.

याद्यांबद्दलही एक बोलायला हवं. इर्शाळवाडीचं नाव संभाव्य दरडग्रस्त गावांच्या यादीत नव्हतं, हे दुर्घटनेनंतर विधिमंडळात सांगितलं गेलं. यात केवळ कुणाचा हलगर्जीपणा शोधून भागत नाही. नकाशे बनवताना उताराचा कोन, खडक, मातीची जाडी, पूर्वीच्या दरडी असं सगळं धरून कुठला उतार सुटू शकतो हे ठरवतात. पण सुटलेला चिखल-दगड खाली किती लांब धावेल, हा वेगळा प्रश्न आहे. घर सपाटीवर असतं, उताराचा कोन शून्याजवळ, नकाशात हिरवा रंग. धोका तीनशे मीटर वर असतो. आपलं घर सुरक्षित आहे का हे बघताना पायाखाली पाहून उपयोग नाही, घराच्या वर काय आहे आणि तिथलं पाणी कुठल्या वाटेने उतरतं ते पाहायला हवं.

मग कोयनेचे हादरे डोंगर खिळखिळे करतात का? रोजच्या दोन-तीन तीव्रतेच्या धक्क्यांनी दरडी येत नाहीत, त्यासाठी साधारण चाराच्या वरचा धक्का आणि तोही जवळ लागतो. १९६७ चा मोठा भूकंप डिसेंबरात झाला, डोंगर कोरडे होते. भीती वाटावी अशी जुळणी वेगळी आहे. जपानच्या होक्काइदो बेटावर सप्टेंबर २०१८ मध्ये चक्रीवादळ येऊन गेलं आणि लगोलग ६.६ तीव्रतेचा भूकंप झाला. हजारो उतार एकदम सुटले. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची, आपल्यापेक्षा वेगळी. पण कोयनेतल्या धक्क्यांचा एक चढ सप्टेंबरात येतो आणि सप्टेंबरात घाट अजून भिजलेले असतात, ही गोष्ट चिपळूण आणि संगमेश्वरच्या आपत्ती आराखड्यात लिहून ठेवण्यासारखी आहे.

बाकी घरोघरी बघायच्या खुणा थोड्याच. घराच्या वरच्या रानात उताराला आडवी, धनुष्याकार भेग दिसली तर ती मातीने बुजवून वर प्लास्टिक टाकावं आणि तलाठ्याला लेखी कळवावं, तोंडी नको. नेहमीचा झरा गढूळ झाला, आटला किंवा नवीनच जागी पाणी फुटलं तर आत वाटा बदलल्यात. विजेचा खांब कलतोय, दार चौकटीत अडकायला लागलंय, याही खुणाच. आणि पाऊस कोसळत असताना वाडीशेजारच्या पऱ्याचं (ओढ्याचं) पाणी अचानक कमी झालं तर ते वर कुठेतरी मातीने अडलंय असं समजावं. सामान आवरत बसू नये. पऱ्याच्या कडेने खाली पळू नये, कारण अडलेलं पाणी आणि चिखल त्याच वाटेने येणार. माणसं, गुरं जमतील तशी घेऊन बाजूच्या सोंडेवर चढायचं आणि उजाडेपर्यंत तिथेच थांबायचं.